स्फाक्सच्या मोर्चात आमचे हे

आमच्या यांचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही, म्हणून तुम्हाला पटायचं नाही. बघा ना, बसलेत अंगणात, चहाचा फेस फुंकत. चार शब्द बोला म्हटलं तर तीन गिळतात. बाजारातून सडके टोमॅटो आले तर परत द्यायला मला पाठवतात, का, तर दुकानदाराशी वाद घालायला यांची जीभ उचलत नाही. आणि याच माणसाच्या एका हाकेला लिबियातल्या आमच्या झाविया गावाचा सगळा चौक ओ द्यायचा असं मी म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, मबरूका आता म्हातारी झाली, काहीही बरळते.

ऐकू गेलं त्यांना तर जाऊ दे. मी काही पाठीमागे बोलत नाही.

पाणीखात्यात कारकून होते आमचे हे. मिलूद म्हटलं की कुणाला आठवायचं नाही, पण 'पाणीखात्याचा भोंगा' म्हटलं की लहान पोरंही घर दाखवायची. त्या काळी आमच्याकडे मोर्चे असायचे. नेता सत्तेवर आला त्या दिवसाचा मोर्चा, त्याच्या भाषणाच्या दिवसाचा मोर्चा, परदेशात कुणी त्याच्याविरुद्ध बोललं की निषेधाचा मोर्चा. त्याचं नाव मी घेत नाही, जुनी सवय आहे, भिंतींना कान असायचे तेव्हा. खात्याखात्याची माणसं बसमध्ये भरून चौकात आणायची, हजेरी व्हायची, डब्यातला रस आणि ट्यूना भरलेला पाव मिळायचा, हातात हिरवा झेंडा द्यायचे आणि संध्याकाळी तोच झेंडा परत मागायचे. मग दोन दणकट पंपवाले वाकायचे आणि आमच्या यांना खांद्यावर उचलून घ्यायचे. हे मुळात काटकुळे, उचलायला सोपे.

वर गेले की वेगळाच माणूस. मी स्वतः पाहिलंय. छाती अशी फुगायची की सदऱ्याची बटणं ताणायची. एक हात वर, डोळे मिटलेले, आणि तो आवाज निघायचा. "जीव घे, रक्त घे, ओवाळतो तुझ्यावरून, ओ..." आणि पुढे नेत्याचं नाव. ही घोषणा आमच्या सगळ्या अरबी मुलखात तीच आहे. शेवटचं नाव काय ते बदलतं. हे एकदा म्हणायचे आणि हजार लोक मागून म्हणायचे. खाली उतरले की पुन्हा आपले हळूच विचारायचे, मबरूका, माझी चप्पल कुठे पडली ग?

आमचा एकुलता एक मुलगा नूरी. लहानपणी त्याला बापाचं कोण कौतुक. पण कॉलेजात गेला आणि पोरं चिडवायला लागली, नूरी, तुझ्या बापाला तेल घाल, भोंगा आज कुरकुरत होता. नूरी हसून सोडून द्यायचा. मग फरहात मास्तरांचं प्रकरण झालं.

फरहात मास्तर आमच्यापासून तिसऱ्या घरात. गणित शिकवायचे. नूरी गणितात ढ, तर मास्तर रोज संध्याकाळी त्याला घरी बोलवून शिकवायचे, कधी एक दिरहम घेतला नाही. त्यांची बायको झुहरा माझी मैत्रीण, भाकरीचं खमीर आम्ही एकमेकींकडून न्यायचो. मास्तर कुणाच्या तरी लग्नात काहीतरी बोलले म्हणे. काय बोलले ते आजतागायत कुणाला धड माहीत नाही. गाडी आली आणि घेऊन गेली. आठवडा झाला नाही तोच गद्दारांच्या निषेधाचा मोर्चा निघाला. कॉलेजची पोरंही बसने आणली होती. नूरी बरोबर यांच्या खाली उभा होता, पहिल्या रांगेत. आणि वरून आमच्या यांचा आवाज: "गद्दारांना फाशी, फाशी, चौकातच द्या फाशी."

त्या दिवशी नूरी घरी आला, जेवला, झोपला. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त एक शब्द त्यानं टाकून दिला. बाबा म्हणायचं बंद केलं. मीठ हवं असलं तर मला सांगायचा, मीठ यांच्याच पुढ्यात असलं तरी. थोड्याच दिवसांत तो शेजारच्या ट्युनिशियाला गेला, स्फाक्सला, तेलाच्या घाण्यावर कामाला लागला. तिथून फोन करायचा तो मला. पहिला प्रश्न ठरलेला, "आई, घरी कोण आहे?" मी म्हणायची, कोण असणार, तुझा बाप आहे. हे लगबगीनं येऊन माझ्या हातातून फोन घ्यायचे, हॅलो म्हणायचे, आणि तिकडून फोन बंद. आठ वर्षं हेच चाललं. प्रत्येक वेळी हे फोनकडे बघत म्हणायचे, लाइन गेली वाटतं. मीही म्हणायची, हो, आजकाल फार जाते.

आणि मी लोकांना काय सांगायची? सक्ती होती. झुहराला सांगितलं, माझ्या बहिणीला सांगितलं, नूरीला तर हजारदा सांगितलं. अरे, नोकरदार माणूस, वरून हुकूम आला तर काय करेल, सक्ती होती. झुहरा मात्र त्यानंतर खमीर न्यायला पुन्हा आली नाही. त्या वाक्यावर मी घर चालवलं म्हणा ना.

मग माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. आमच्याकडे कुणाचंही काही दुखलं की लोक गाडी करून स्फाक्सला जातात, आमच्या गल्लीतला प्रत्येक गुडघा तिकडे दाखवून आलाय. मी मनात म्हटलं, चला, देवानंच डोळा दिला आणि देवानंच बिघडवला, त्या निमित्तानं बापलेकांची गाठ तरी घालता येईल. यांना तसं काही बोलले नाही. पण यांना ते कळलं होतं. सीमेपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात गाडीत काहीतरी पुटपुटत होते. मी विचारलं, कसला जप चाललाय? म्हणाले, काही नाही. जरा वेळानं कान देऊन ऐकलं तर म्हणत होते, "कसा आहेस नूरी? बरा आहेस ना?" आणि पुन्हा जरा वेगळ्या चालीत, "नूरी, कसा आहेस रे?" कुठली चाल बरी ते ठरवत होते बिचारे.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आली. नूरीनं फोन करून विचारलं, "आई, खोलीत कोण आहे?" मी म्हटलं, "तुझा बाप आहे, दुसरं कोण असणार? परका पुरुष आणून बसवू का?" म्हणाला, मग मी नंतर येतो. तो नंतर काही येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पांढरी चादर अंगावर घेतली, मकरूदचा, खजूर भरलेल्या वड्यांचा, डबा यांच्या हातात दिला आणि म्हटलं, चला, तो येत नाही तर आपण जाऊ. त्या दिवशी क्लिनिकमध्ये निम्म्या नर्सा आल्याच नव्हत्या. रस्त्यावर टॅक्सी नाही, दुकानांची शटरं खाली. हे म्हणाले, यांचा काहीतरी सण दिसतो. आम्ही पायीच निघालो. बातम्या बघायची आम्हाला कधी सवयच नव्हती. बातम्यांत काय असणार ते आम्हाला घरबसल्या पाठ.

जुन्या शहराच्या तटाजवळ आलो आणि तो आवाज ऐकू आला. आधी वाटलं समुद्र. मग वळणावरून पुढे गेलो तर समोर माणसंच माणसं. लाल झेंडे, बाया, म्हातारे, वकील काळ्या झग्यात, घाण्यावरची पोरं तेलकट कपड्यांत. माझा एक डोळा झाकलेला, पण उरलेल्या एका डोळ्यातही ती गर्दी मावेना.

आमच्या यांचा चेहरा उजळला. खोटं नाही सांगत. स्फाक्सला आल्यापासून मान खाली घालून चालणारा माणूस ताठ झाला. मला म्हणाले, "मबरूका, आज यांचा मोर्चा आहे. बघ, कसा जमवलाय." आणि जाणत्याच्या नजरेनं इकडेतिकडे पाहायला लागले. "बस कुठे लावल्यात यांनी? पावाची गाडी दिसत नाही. झेंडे मात्र घरून आणलेले दिसतात, एकही सारखा नाही, हे बरोबर नव्हे." शेजारी एक टकला माणूस पोराला कडेवर घेऊन उभा होता. हे त्याला म्हणाले, "भाऊ, तुमचं खातं कोणतं?"

तो म्हणाला, "कसलं खातं?"

"म्हणजे तुम्हाला आणलं कुणी?"

"माझ्या पायांनी."

"नाही, ते ठीक आहे, पण हजेरी कोण घेतंय?"

त्या माणसानं यांना खालून वर पाहिलं. "काका, लिबियातून आलात?"

"हो, हिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

"मग तिच्याबरोबर तुमचेही दाखवून घ्यायचे होते," असं म्हणून तो पुढे गेला. मला हसू आलं, पण मी चादर तोंडावर ओढून घेतली.

तेवढ्यात घोषणांचे शब्द नीट ऐकू यायला लागले. आतल्या भागातल्या गावांत पोरांवर गोळ्या झाडल्या होत्या म्हणे, आणि हे लोक त्या पोरांची नावं घेत होते, आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्षाला, त्यांच्या स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाला, म्हणत होते चालता हो. दिवसाढवळ्या, तोंड न झाकता. त्याच आठवड्यात तो विमानात बसून पळालाही, पण तेव्हा कुणाला काय माहीत. आमच्या यांचा रंग उतरला. मकरूदचा डबा छातीशी धरून मला म्हणाले, "चल. मागे फिर. इथे कॅमेरे असतील. कुणी पाहिलं तर माझं काय होईल?" आम्ही वळलो, तर मागूनही लोक आलेले. जायला वाटच नाही.

आणि मग हाक आली, "आई." मी आवाजाकडे वळले. नूरी. दाढी ठेवलेली, खांदे बापापेक्षा दुप्पट झालेले. त्यानं मला उचलूनच घेतलं, पट्टी बांधलेल्या डोळ्यावरच ओठ टेकले. त्याच्याबरोबर एक हसऱ्या चेहऱ्याचा मुलगा होता, लस्साद नावाचा, दोघं एकाच घाण्यावर कामाला. नूरी त्याला म्हणाला, "ही माझी आई." लस्सादनं माझा हात घेतला, आणि मग यांच्याकडे बघून विचारलं, "आणि हे?"

 मी म्हटलं मनात, बोल रे, एकच शब्द आहे.

"हे," नूरी म्हणाला, "हे माझे मामा."

घ्या. बत्तीस वर्षं संसार केला त्या माणसाला पोरानं एका शब्दात माझा भाऊ करून टाकलं. दुसरं काही म्हणताही येत नव्हतं त्याला, गावचे एक गृहस्थ म्हणावं तर मी परक्या पुरुषाबरोबर परमुलखात हिंडतेय असं झालं असतं. पोरानं आईची अब्रू राखली आणि बापाची घालवली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेच पुढे झाले. गाडीत इतकं घोकलेलं वाक्य यांनी म्हटलं, फक्त शेवट बदलला. "कसा आहेस? बरा आहेस ना, भाच्या?"

मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. नूरीचे कान लाल झाले. हे मात्र हसत होते, लस्सादला मकरूद घ्या म्हणत होते.

आमच्या थोडं पुढे एक पोरगा कुणाच्या तरी खांद्यावर बसून घोषणा देत होता. त्याचा घसा बसला होता, शब्द निम्मे हवेतच विरत होते. आमच्या यांचं तिकडेच लक्ष. शेवटी राहवेना त्यांना, माझ्याकडे वाकून म्हणाले, "नुसता गळ्यातून ओरडतोय. पोट कुठे वापरतो? आणि दोन घोषणांत श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही." जरा मोठ्यानंच बोलले. लस्सादनं ऐकलं.

"मामा, तुम्हाला येतं का?"

"येतं थोडंफार."

"थोडंफार म्हणजे?"

हे नूरीकडे बघायला लागले. परवानगी मागत होते, मला दिसत होतं. आठ वर्षं ज्या आवाजाची त्या पोराला लाज वाटत आली तोच आवाज हा माणूस त्याला देऊ करत होता, कारण दुसरं देण्यासारखं याच्याकडे काही नव्हतंच.  नूरी लस्सादला म्हणाला, "येतं त्यांना. असा आवाज तू ऐकला नसशील." आणि वाकला. स्वतः वाकला, बापासमोर. "या," म्हणाला, "बसा."

माझ्या एका डोळ्यातून पाणी आलं, डॉक्टरनं बजावलं होतं तरी. मी म्हटलं, झालं, माझ्या डोळ्याचं सार्थक झालं. हे नूरीच्या खांद्यावर चढले. लस्सादनं पुढच्यांना सांगितलं, हे म्हणतील, यांच्यामागे म्हणा. घोषणा कुठली, तर ती जुनीच. जीव घे, रक्त घे, ओवाळतो तुझ्यावरून, ओ शहीदा. मेलेल्या पोरांसाठी. यांनी मान हलवली, कळलं म्हणून. हात वर केला, डोळे मिटले, छाती भरून घेतली.

आणि काय आवाज लागला हो. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "जीव घे, रक्त घे," लोक मागून म्हणाले. "ओवाळतो तुझ्यावरून," लोक म्हणाले. तटापर्यंत आवाज जाऊन परत येत होता. "ओ..." यांनी लांबवलं, आणि लोक थांबले, आणि आमच्या यांनी, डोळे मिटलेल्या अवस्थेत, स्पष्ट, खणखणीत, आमच्या नेत्याचं नाव घेतलं.

पहिल्या रांगेतल्या काही जणांनी तर मागून म्हणूनही टाकलं. मग एकदम शांत झालं. यांनी डोळे उघडले. खाली बघितलं. कुणीतरी आधी हसलं, मग सगळेच हसले. शिव्या घातल्या असत्या, धक्काबुक्की केली असती तरी मला चाललं असतं. ते हसत होते, आणि वाईटपणानं नव्हे. एक वकिलीणबाई म्हणाली, "बिचारा, शेजारचा आहे. हे नाव यांना बाळगुटीतूनच पाजतात." लस्साद हसत हसत वर ओरडला, "मामा, ही तुमची ओरडायची पाळी नव्हे, तुमची यायची आहे अजून." लोकांनी टाळ्या वाजवल्या त्याला. यांची दया आली त्या लोकांना. माझ्या नवऱ्याची, स्फाक्सच्या चौकात, परक्या देशातल्या परक्या माणसांना दया आली.

नूरीनं यांना खाली उतरवलं. अगदी सांभाळून, काचेचं भांडं ठेवावं तसं.  यांची एक चप्पल पडली होती ती शोधून यांच्या पायाशी ठेवली, गर्दीतून वाट काढत आम्हाला गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडलं आणि परत गेला. हे सबंध रस्ता माझ्या मागून चालले. मी हळू झाले की तेही हळू व्हायचे. क्लिनिकमध्ये येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, जीभ घसरते माणसाची.  माझा राग इतका अनावर झाला होता, यांच्यावर, नूरीवर, त्या हसणाऱ्या वकिलीणबाईवर, की मी उरलेले मकरूद एकटीनं खाऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. नूरी. हातात गरम फ्रिकासेची, म्हणजे तळलेल्या भरल्या पावांची, पुडी, तेलानं कागद पारदर्शक झालेला. त्यानं न विचारता आत पाऊल टाकलं, कोण आहे म्हणाला नाही. खुर्ची ओढून यांच्यासमोर बसला. आणि म्हणाला, "बाबा."

मी पलंगाचा कठडा घट्ट धरला. यांनी मान वर केली नाही.

"बाबा, मी रात्रभर विचार केला. काल मला आधी तुमची लाज वाटली, मग माझीच वाटायला लागली. मामा म्हणालो तुम्हाला. तुमचा काय दोष? त्यांनी तीस वर्षं तुमच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली, ती झोपेतही तोंडातून निघणारच. आई सांगत होती इतकी वर्षं, सक्ती होती, सक्ती होती. मला ते पटत नव्हतं. काल पटलं."

बघा, मागितलं तेवढं सगळं पदरात पडलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. तेही नसेल जमत तर गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर आमच्या यांचा हात कुणी धरणार नाही. मी म्हटलं, "तेच तर मी सांगत होते बाळा. घ्या हो, खा, गार होतंय."

यांनी फ्रिकासे हातात घेतला, परत कागदावर ठेवला. आणि म्हणाले, "सक्ती नव्हती."

मी म्हटलं, "अहो."

"मोर्चाला जाण्याची सक्ती होती. खांद्यावर चढण्याची नव्हती. पहिल्यांदा चढवलं तेव्हा भीती वाटली. मग आवडायला लागलं. मग मीच आधी जाऊन उभा राहायचो, म्हणजे दुसऱ्या कुणाला उचलायला नकोत. घसा दुखतो म्हटलं असतं तरी सोडलं असतं त्यांनी. पाइपखात्याचा सुलेमान तसंच सांगून सुटला. त्याला काही कुणी केलं नाही." हे हळूहळू बोलत होते, नेहमीच्या त्यांच्या बारीक आवाजात. "काल तुझ्या खांद्यावर बसलो तेव्हाही, नाव चुकेपर्यंत, मला फार बरं वाटत होतं."

नूरी म्हणाला, "आणि फरहात मास्तर?"

मला वाटलं आता तरी हा माणूस थांबेल. 

"ऑफिसातून 'गद्दार मुर्दाबाद' एवढंच सांगितलं होतं," हे म्हणाले. "फाशी मी घातलं. मुर्दाबादवर ताल बसत नव्हता."

मास्तर तेव्हा आत होते अजून. झुहरा तीन घरं पलीकडे एकटी राहत होती, आणि मी आठ वर्षं तिच्या दारावरून जाताना मनात म्हणत होते, सक्ती होती ग. माझ्या पायाखालचं एवढं एकच वाक्य होतं, ते यांनी काढून घेतलं. मी ओरडलेच, "गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला? जन्मभर गप्प बसलात, आज नेमकं तोंड फुटलं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो बाबा म्हणाला ना," म्हणाले. "खोट्यावर कसं म्हणू देऊ?"

 फ्रिकासेला कुणी हात लावला नाही. मग नूरी उठला. आमच्याकडे निघताना आईबापाच्या कपाळाचं चुंबन घ्यायची रीत आहे. त्यानं माझ्या कपाळाचं घेतलं. मग यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. हेही उठून उभे राहिले, मान थोडी पुढे करून, सवयीनं.

नूरीनं हात पुढे केला. नवीन ओळख झालेल्या माणसाशी मिळवतात तसा, सरळ, कोपरात न वाकवता.

आमच्या यांनी मान मागे घेतली आणि तो हात हातात घेतला.